वास गेला ते वर्ष

आल्देआ माझी भावजय. पण त्याच्याही आधी ती माझी वर्गमैत्रीण. सेंत-लुदिवीनच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे ती माझ्या थोरल्या भावाशी, ओविलाशी लग्न करून आमच्याच घरात आली. माझं काही लग्न झालं नाही. मी लोकांचे कपडे शिवत घरातच राहिले, आणि पन्नास वर्षं आम्ही दोघींनी एकाच चुलीवर रांधलं. म्हणून तिच्या त्या वर्षाबद्दल मी सांगितलेलं बरं. बाकीचे सांगतात ते अर्धवट असतं, आणि माझा धाकटा भाऊ रोझेर सांगतो त्यात तोच एकटा शहाणा असतो.

आमचं गुऱ्हाळ मेपलच्या रसाचं. घरामागच्या टेकडीवर अठराशे झाडं. मार्चमध्ये रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, असं सुरू झालं की झाडांना भोकं पाडून नळ्या ठोकायच्या, खाली बादल्या टांगायच्या, आणि मग पाच-सहा आठवडे कुणाला धड बसून जेवायला फुरसत नाही. चाळीस बादल्या रस आटवला की एक बादली पाक. आटवणारा चुकला तर चाळीसच्या चाळीस फुकट. आमच्या बाबांनी म्हातारपणी रस आटवायची काहील ना ओविलाच्या हाती दिली, ना रोझेरच्या. सुनेच्या हाती दिली. तेव्हा आमच्या भागात बाईमाणूस काहिलीवर उभं राहत नसे. लोक हसले. बाबा म्हणाले, "हसू देत. माझ्या पोरांची नाकं शिंकरायच्या कामाची आहेत. खरं नाक हिला आहे."

आणि होतंच. ती काहिलीकडे पाठ करून बटाटे सोलत बसलेली असायची, मध्येच म्हणायची, "रोझ, काढ आता." मी पळी उचलून बघावं तर पाक अगदी तयार. ओविला गावातून आला की त्याच्या कोटावरून ती सांगायची, हा कुठल्या रस्त्याने आला आणि वाटेत कुठे थांबला. ओविला म्हणायचा, "माझ्या घरात शिकारी कुत्रं आहे, मला गुत्त्यात जायची सोय नाही."

एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, तीन तारखेला सकाळी, ती शेगडीतली राख टाकायला बाहेर गेली. पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा थर होता. ती मागच्या मागे पडली, आणि डोक्याची मागची बाजू दगडी पायरीवर आपटली. रक्त आलं नाही. तीन दिवस तिला चक्कर येत होती, पोटात काही ठरत नव्हतं. चौथ्या दिवशी उठली, कॉफी केली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "ही कुठली कॉफी आणलीस गं? नुसतं गरम पाणी आहे."

मला वाटलं, सर्दी झाली असेल. तिलाही तसंच वाटलं, निदान ती तसं म्हणाली. आठवड्याने तिने ओविलाच्या पुढ्यात नासलेलं दूध ठेवलं. मला दारातूनच त्याचा आंबूस वास आला. मी वाडगा उचलला आणि तिच्याकडे बघितलं.

"सर्दी आहे," ती म्हणाली.

"नाक तर वाहत नाही तुझं."

तिने ओविला गोठ्यात जाईपर्यंत वाट पाहिली. मग दार लावलं, हात पुसले. "रोझ, मला कसलाच वास येत नाही. शेणाचा नाही, साबणाचा नाही. ओविलाचा नाही."

कापड आणायच्या निमित्ताने आम्ही दोघी तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे गेलो. तरुण पोरगा होता. त्याने एकेक बाटली तिच्या नाकाखाली धरली. ती प्रत्येक वेळी डोळे मिटून श्वास ओढायची आणि मान हलवायची. तो म्हणाला, वासाच्या नसा दोऱ्याहून बारीक असतात, डोकं आपटलं तेव्हा त्या तुटल्या असाव्यात. कधीकधी परत जुळतात.

"कधी?"

"वर्षभरात. वर्षात आला नाही, तर मग फारशी आशा धरू नका, बाई."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम विचारलं, "वर्ष म्हणजे कुठून मोजायचं? पडले त्या दिवसापासून, की आजपासून?"

मी म्हटलं, "ओविलाला सांग."

"रस सुरू व्हायला चार आठवडे आहेत. सांगितलं तर काहील रोझेरकडे जाईल."

"मग जाऊ दे."

"तुला काय जातंय म्हणायला! तुझी सुई कुणी काढून घेतली का?"

घरी येऊन मी ओविलाला आणलेलं कापड दाखवलं. आणि तिथेच आमचं दोघींचं संगनमत झालं.

रस सुरू झाला. तिने एप्रनच्या खिशात थर्मामीटर लपवला होता. आयुष्यभर ती थर्मामीटरवाल्यांना हसली होती, "ताप आलाय का पाकाला?" म्हणून. आता कुणाचं लक्ष नाही बघून ती तो काहिलीत बुडवायची. पाक किती आटला, ते त्यावर कळतं. पण पाक बिघडला की नाही, ते कळत नाही. त्यासाठी मी होते. दर वेळी ती पळीभर मला द्यायची. मी शिवणकाम करणारी बाई. माझ्या जिभेला गोड, खारट, कडू एवढंच कळतं. मी म्हणायची, "चांगला आहे." मार्चमध्ये ते खरंही होतं. सुरुवातीचा रस पाण्यासारखा निर्मळ असतो, तो बिघडवायचा म्हटलं तरी बिघडत नाही.

एप्रिल तापला. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात चार रात्री गोठलंच नाही. झाडांच्या शेंड्यांना कळ्या फुगल्या, लांबून टेकडी लालसर दिसायला लागली. कळ्या फुगल्या की रसात वेगळंच काहीतरी उतरतं, आणि मग त्याचा पाक तोंडात धरवत नाही. ते नेमकं ओळखून चुलाण विझवणं, हेच खरं काहिलीवाल्याचं काम. पाक कुणालाही आटवता येतो. थांबता येत नाही.

गुड फ्रायडेला दुपारी तिने मला पळी दिली. मला जरा वेगळं वाटलं. काहीतरी जड, मागे रेंगाळणारं.

"रोझ, नीट सांग. उकडलेल्या कोबीसारखं काही आहे? करपलेल्या चॉकलेटसारखं?"

तिने माझं मनगट धरलं होतं. तिच्या डोळ्यांकडे मला बघवेना. मी म्हटलं, "नाही गं. छान आहे."

ती पुढे दोन दिवस आटवत राहिली.

ईस्टरला देवळातल्या मिस्सानंतर निम्मं गाव आमच्या गुऱ्हाळात जेवायला यायचं, ही बाबांच्या काळापासूनची रीत. त्या वर्षी चाळीसेक माणसं होती. हॅम, चुलीत रात्रभर शिजलेला घेवडा, पाकात सोडलेली अंडी. सावलीतला बर्फ फावड्याने आणून लाकडी पन्हळीत पसरायचा, त्यावर गरम पाकाची धार धरायची, आणि ती घट्ट झाली की काडीला गुंडाळून खायची. मुलं सकाळपासून त्याचीच वाट बघत असतात. पहिली काडी मान म्हणून फादरांना. त्यांनी ती तोंडात घातली आणि चेहरा तसाच ठेवला, बिचाऱ्यांनी. पण एका लहान पोरीने थुंकून टाकलं आणि ओरडली, "कोबी!"

मग सगळ्यांनीच काड्या खाली केल्या. रोझेर पुढे आला. बोटाने पाक चाखला आणि चारचौघांत म्हणाला, "वहिनीबाई, नाक आज देवळात विसरून आलात का? हा पाक डुकरापुढे ठेवला तर डुक्कर आपल्याला शिव्या देईल."

लोक हसले. रोझेरला हसणारी माणसं मिळाली की तो थांबत नाही. त्याने मागे जाऊन पिंपं उघडली. एकेकात बोट घालून चाखलं, आणि पाच पिंपांवर खडूने फुली मारली. परत येऊन तिच्या हातातली पळी काढून घेतली.

ओविला हळू आवाजात म्हणाला, "आल्देआ, तुला कळलं नाही?"

"नाही कळलं."

एवढंच. रोझने चाखला होता, रोझ छान म्हणाली होती, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. मी चार पावलांवर ताटल्या घेऊन उभी होते. तोंड उघडायची माझी तेवढीच वेळ होती, आणि ती मी घालवली.

त्यानंतर तिचं सगळं ढासळत गेलं. लोकांना वाटलं, अपमान लागला. अपमान लागला होताच, पण ते कमीच होतं. अन्नाला चव म्हणजे निम्म्याहून जास्त वासच असतो, हे मला तिच्यामुळे कळलं. तिला खारट कळायचं, गोड कळायचं, बाकी सगळा भुसा. मे महिन्यापर्यंत तिचे झगे मला दोनदा आत घ्यावे लागले. दिवसातून तीन-तीनदा अंग धुवायची. "मला माझा वास येत नाही, रोझ. मग लोकांना येत असला तर?" मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन म्हणायची, "हुंग मला. खरं सांग." शेगडीच्या नळकांड्यामागची भिंत ती तासातासाला हाताने चाचपायची. घराला आग लागली तर तिला धूर कळणार नव्हता. एकदा म्हणाली, "ओविला शेजारी झोपलाय हे मला डोळे उघडून बघावं लागतं. डोळे मिटले की कुणी परका माणूस आहे."

हाडवैद्य झाला. पलीकडच्या गावचा म्हातारा, गाईची मोडलेली तंगडी बसवायचा. त्याने अंगठ्याने तिच्या नाकाचं हाड असं दाबलं की रक्ताची धार लागली. जुलैमध्ये यात्रेकरूंच्या बसने आम्ही संत आन्नाच्या देवळात गेलो. तिथला जिना ती गुडघ्यांवर चढली. घरी आल्यावर मी तिच्या गुडघ्यांना मलम लावत होते, तेव्हा म्हणाली, "आन्नामाईने गुडघे घेतले. नाक दिलं नाही." मी हसले. तीही हसली, पण लगेच तोंड फिरवलं.

ऑगस्टमध्ये तिची धाकटी लेक युगेत दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. पहिली नात. आल्देआने तिला उचललं, टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटून उभी राहिली. आम्ही सगळे बघत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने बाळ युगेतच्या हातात दिलं, "माझे हात ओले आहेत" म्हणाली आणि मागच्या दाराने निघून गेली. हात कोरडे होते. युगेत चार दिवस राहिली. आल्देआने बाळाला परत घेतलं नाही. जाताना युगेत मला म्हणाली, "आत्या, आईला माझं पोर आवडलं नाही का?" मी म्हटलं, तिची तब्येत बरी नाही. खोटं बोलायची मला सवयच लागली होती.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस मी माडीवर शिवत होते. खालून किंकाळी आली. "आलं! रोझ, आलं!"

मी धावत खाली गेले. ती खिडकीच्या काचा पुसत होती. हातात अमोनियाची बाटली होती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि ती हसत होती. "नाकात गेलं! वरपर्यंत गेलं!" तिने बाटली टाकली आणि कॉफीचा डबा उघडला, त्यात तोंड खुपसलं. मग कांदा चिरला. मग खुंटीवरचा ओविलाचा कोट ओढून काढला आणि त्याच्या अस्तरात चेहरा दाबला. हळूहळू तिचे खांदे खाली आले. ती परत बाटलीकडे गेली, हुंगलं. परत कोट. मग ती जमिनीवरच बसली.

"वास नाही," ती म्हणाली. "नुसतं झोंबतं. झोंबतं तेवढंच."

आणि नेमका तेव्हा ओविला गोठ्यातून आत आला. बायको जमिनीवर, मांडीत आपला कोट, सगळीकडे कांद्याची टरफलं. तो म्हणाला, "काय चाललंय?" मग तिने सांगितलं. पडली तिथपासून सगळं.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "रोझला ठाऊक होतं?"

"हो."

"फेब्रुवारीपासून?"

"हो."

त्याने तिच्या मांडीतला कोट काढून घेतला, अंगात चढवला आणि बाहेर गेला. नऊ दिवस तो आम्हा दोघींशी एक शब्द बोलला नाही. जेवायचा, मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचा. दहाव्या दिवशी दुपारी ब्रेड कापताना, कुणाकडेही न बघता म्हणाला, "मला वाटलं, तुझं माझ्यावरचं मन उडालं." आल्देआने सुरी त्याच्या हातातून घेतली आणि उरलेला ब्रेड कापला. दोघांचं त्यावर एवढंच बोलणं झालं, माझ्यासमोर तरी.

त्या आठवड्यात मीही बोलून टाकलं. भांडी घासताना म्हटलं, "आल्देआ, गुड फ्रायडेला मला पाक वेगळा लागला होता. मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तू खोटं बोललीस की तुझी मान डावीकडे जाते. शाळेपासून."

"मग आटवत का राहिलीस?"

तिने बराच वेळ तीच ताटली घासली. "मला ते खरं असायला हवं होतं," ती म्हणाली.

वाटलं होतं, घरात कळलं म्हणजे ओझं उतरेल. उतरलं नाही. लपवायचं होतं तोवर निदान एक काम होतं. आता तेही नव्हतं. डिसेंबरात ती सकाळी उठेनाशी झाली. एक दिवस जेवणाच्या वेळी घरात दिसली नाही. मी बर्फातल्या पावलांमागून गुऱ्हाळापर्यंत गेले. बाहेर उणे वीस. चुलाण थंड, काहील उपडी, आणि तिच्याशेजारी ओंडक्यावर ती बसलेली, अंगात कोट नाही. कोट घडी करून बाजूला ठेवला होता. ओठ निळे पडले होते.

"अगं, मरशील की!" मी ओरडले.

"थंडी तरी लागते, रोझ," ती म्हणाली. "थंडी मला लागते."

मी तिला अक्षरशः ओढत घरी आणलं. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडायच्या बेताला आली होती, ती कशीबशी वाचली. त्या दिवसापासून ओविला तिला एकटी सोडेना. गोठ्यात जाताना बरोबर न्यायचा, बादली उलटी करून तिला त्यावर बसवायचा, आणि गाईंशी बोलतो तसा तिच्याशी बोलत राहायचा. ती ऐकायची की नाही, माहीत नाही.

नव्या वर्षाला ओविलाने रोझेरला सगळं सांगितलं. रोझेर लालबुंद झाला. माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी एक अख्खं हॅम पाठवलं. "मला चवच लागत नाही आणि हा हॅम पाठवतो," आल्देआ म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजात जरा तिखट आलं होतं.

तीन फेब्रुवारीला तिने टेबलावर सहा कप मांडले. कॉफी, लवंग, कांदा, रॉकेल, साबण, देवदाराची ठेचलेली पानं. एकेक उचलून हुंगला. मग कप धुतले, पुसले, कपाटात ठेवले.

"झालं वर्ष," ती म्हणाली.

मार्चमध्ये काहिलीवर रोझेर उभा राहिला. आल्देआ गुऱ्हाळात पाऊल टाकेना. तिने बर्फातले रुंद जोडे पायाला बांधले आणि ओविलाबरोबर बादल्या गोळा करायला निघाली. एकोणसाठ वर्षांची बाई, मांडीपर्यंत बर्फ, त्यात ती दुखावलेली बोटं. ओविला नको म्हणाला. ती म्हणाली, "मग परत गोठ्यात बसवशील?" त्याने एक बादली तिच्या हातात दिली.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. ओविला आणि ती घोड्याच्या घसरगाडीवरून रस आणून बाहेरच्या टाकीत ओतत होती. मी दारात लाकडं रचत होते. एकदम आल्देआने बादली खाली टाकली आणि आत धावली. फेस काहिलीच्या काठापर्यंत चढला होता, आणि रोझेर चुलाणात आणखी लाकूड सारत होता. तिने त्याला खांद्याने बाजूला लोटलं, फेस बसवायला टांगून ठेवलेला डुकराच्या चरबीचा तुकडा त्यात टाकला, चुलाणाची झडप ओढली, पळी बुडवून उचलली आणि कडेवरून पाक थेंबांनी पडतो की पडद्यासारखा सलग, ते बघितलं. "काढ!" ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी मिळून काढला. अजून मिनिटभर गेलं असतं तर पाक आणि काहील दोन्ही जळून गेली असती.

रोझेर घाम पुसत म्हणाला, "बाहेरून कसं कळलं तुला?"

"काहील ओरडत होती. तुला ऐकू येत नाही?"

"मला ती नेहमीसारखीच वाटली."

"नेहमी ती गुणगुणते. आज ओरडत होती."

त्याने चुलाणाकडे बघितलं. मग पळी ओंडक्यावर ठेवली. "माझे पाय दुखतात असं उभं राहून," तो पुटपुटला. "ते बर्फातले जोडे दे इकडे."

असा बदल झाला. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती काहिलीशी होती. डोळ्यांनी आणि कानांनी जे कळेल ते तिचं. चव मात्र रोझेरची. पहिल्या दिवशी तिने पळी भरून त्याच्यापुढे धरली.

"काय?"

"चांगला आहे."

"रोझेर, मला बरं वाटावं म्हणून बोलत असशील तर—"

"वहिनी," तो म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर एक तरी शब्द बोललोय का?"

तिने पळी परत घेतली. मग म्हणाली, "नाही. ते खरं." आणि त्याचं म्हणणं तिने मानलं. माझ्या हातात पळी तिने पुन्हा दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

एप्रिलच्या मध्यावर, दुपारचे तीन वाजले असतील, खालच्या दलदलीत बेडूक ओरडायला लागले. आधी एक, मग सगळीच दलदल. बेडूक ओरडले की कळ्या फुगायची वेळ आली, असं बाबा म्हणायचे. आल्देआने ऐकलं, आणि पळी खाली ठेवली.

"बंद."

रोझेरने बादलीतला रस चाखला, नंतर पाक चाखला. "काही झालेलं नाही. अजून दोन दिवसांचा निघेल चांगला."

"बंद म्हटलं ना."

"अगं, मी चाखतोय ना? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे," ती म्हणाली. "माझ्यावर नाही."

ओविलाने त्या दोघांकडे बघितलं आणि टाकीची तोटी सोडून उरलेला रस वाहू दिला. भरलेल्या बादल्या आम्ही झाडांपाशीच उपड्या केल्या, रस बर्फात जिरला. शेजारच्यांनी पुढे दोन दिवस आटवलं. त्यांचा पाक उत्तम निघाला. रोझेरने हे देवळाच्या पायऱ्यांवर मोठ्याने सांगितलं, तिला ऐकू जाईल असं. "म्हणू दे," ती म्हणाली, आणि आम्ही घरी येऊन अठराशे बादल्या गरम पाण्याने धुवायला बसलो.

वास परत आला नाही. बाळं पुढेही झाली. ती त्यांना घ्यायची, पण नाक टेकवायची नाही, गालाला गाल लावायची. जेवायची ते औषध घेतल्यासारखं, ठरलेल्या वेळी, ठरलेलं. काहील तिने आणखी अकरा वर्षं सांभाळली, आणि दर वर्षी ती दोन-तीन दिवस आधीच थांबवली. ते दिवस वाया गेले की नाही, मला सांगता येणार नाही. आमच्या घरात ते कुणी कधी मोजलं नाही.